सोजराबाईच्या बाबतीत झालेली चूक व इतर मिळकत

मी, भगवंतराव वल्द उकंडराव पडघान, वय आईच्या सांगण्याप्रमाणे अडुसष्ट व माझ्या संशोधनाप्रमाणे सदुसष्ट, धंदा शेती, मास्तरकी आणि इतिहास, राहणार मौजे आंबेगव्हाण, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा, वऱ्हाड, माझ्यामागे कोणी भांडू नये आणि भांडलेच तर निदान कागद वाचून भांडावे, एवढ्यासाठी हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो.

माझी अक्कल ठिकाणावर आहे. मेहकरच्या नारायणराव मास्तरांचे याबाबत वेगळे मत आहे, ते गृहस्थ कलम पाचात येतील. नशापाणी केलेले नाही. चहा दोनदा झाला, तिसरा सुनेने दिला नाही. हे लिहा असे दडपण माझ्यावर कोणी आणलेले नाही. उलट हे लिहू नका असे सांगायलाच तिघेजण येऊन गेले. चालू संवत्सराचे नाव युवा आहे. म्हाताऱ्याने मृत्युपत्र लिहायला हे नाव शोभत नाही, थोडे थांबा, पुढचे धाता संवत्सर लागू द्या, असे भटजी म्हणाले. मला तेवढा दम नाही.

मेहकरच्या वकिलांनी एक नमुना दिला होता. त्यातला मरणारा माणूस फारच गरीब स्वभावाचा दिसला, म्हणून तो नमुना परत केला.

खरे कारण आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढे वाचण्याचा कंटाळा आहे त्यांनी उठून जावे. माझा मुलगा निवृत्ती पाच वर्षांपूर्वी तापाने गेला. त्याची बायको कोकिळाबाई माझ्याजवळ आहे. मी जिवंत आहे तोवर तिला कोणी काही म्हणत नाही. मी गेलो की महिन्याच्या आत गावचे पंच तिला ओढ्याकाठी सोजरा सतीच्या दगडापाशी नेतील, तिचा उजवा हात त्यावर ठेवतील आणि 'माझं काही नाही' असे तिच्याकडून म्हणवून घेतील. आमच्या गावात विधवेचे घरशेत असे सुटते आणि नवऱ्याच्या भाऊबंदांकडे जाते. आणि तो दगड, ती सती व तो हात, हे तिन्ही माझ्या एका चुकीवर उभे आहेत. ती चूक मी या कागदात कबूल करणार आहे.

कलम पहिले. देहाबाबत.

माझ्यामागे भाषण एकच व्हावे, व ते उन्हात उभे राहून करावे, म्हणजे लवकर आटोपेल. त्यात 'थोर' हा शब्द नको. तेराव्याला गोड काय करायचे ते करा, पण रोडगे आणि वांग्याची भाजी झालीच पाहिजे. पुण्याकडचे कोणी विद्वान आले तर त्यांच्यासाठी भाजी कमी तिखट करू नये. त्यांनी माझ्या बोलण्याला हसून घेतले आहे, आता आमची भाजी खाऊन रडू द्या.

कलम दुसरे. मी कोण, याबाबत.

वकील म्हणतात हे कलम लागत नाही. मला लागते. मी तीस वर्षे सरकारी मराठी शाळेत मास्तर होतो व चाळीस वर्षे आंबेगव्हाण परगण्याचा इतिहास लिहीत होतो. परगणा बेचाळीस गावांचा. कोणाचा देश हिमालयापासून असतो, माझा सुलतानपूरच्या बाजाराच्या अलीकडे सुरू होतो आणि पलीकडच्या नदीला संपतो. तेवढ्याला तीन खंड लागले. चौथा लागला असता, पण दोन गावांनी कागदच दिले नाहीत, आणि त्या दोन गावांची नावे मी तिन्ही खंडांत मुद्दाम बारीक टाइपात घातली आहेत.

पुण्याच्या एका सभेत मला निबंध वाचायला बोलावले होते. घाईत माझ्या तोंडून "मले दोन शब्द बोलाचे हायेत" असे गेले आणि मागच्या दोन रांगा हसल्या. मग एका पगडीवाल्या गृहस्थांनी विचारले, "आपला हा देश केवढा म्हणायचा?" मी म्हणालो, "तट्टावर दीड दिवसाचा. तट्टू अडलं तर दोन." त्यावर पुढच्या रांगाही हसल्या, पण ते हसणे बरे होते. निबंध मग लोकांनी नीट ऐकला. शाल मिळाली. ती शाल माझ्या मांजरीने फार पूर्वी आपलीशी केली आहे, तिच्याकडेच राहू द्यावी.

कागद जमवताना मला वाळवीने फार छळले नाही. छळले ते बायांनी. आमच्याकडे जुने कागद मेथ्या घालून भिजत टाकतात, त्याचा लगदा करतात आणि लगद्याच्या टोपल्या करतात. मी एखाद्या गावी पोचायचो, कुळकर्ण्याची म्हातारी अंगणात लगदा कांडत बसलेली असायची. "काऊन, मास्तर, उशीर केला?" असे वर विचारायची. मी शाईचे तवंग आलेले पाणी पाहायचो आणि परत तट्टावर बसायचो. एकदा तर मी अर्ध्या भिजलेल्या मोगलाईतल्या सनदेसाठी नवी सतरंजी देऊन आलो. बायको रुक्मिणीबाई, आता कैलासवासी, चार दिवस माझ्याशी बोलली नाही. सतरंजी तिच्या माहेरची होती.

कलम तिसरे. दफ्तराबाबत.

माझ्या खोलीत एकशे तेरा रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेले कागद, नाक पुसायचे नव्हे. हे पोलीस पंचनाम्याला आले तर त्यांच्यासाठी लिहिले. ते सर्व रुमाल, बोरू, दौत, उतरते मेज व पितळी कंदील कोकिळाबाईस द्यावे. कारण साधे आहे. या गावात आता मोडी वाचणारी ती एकटीच आहे.

निवृत्ती गेला तेव्हा ती चोवीस वर्षांची होती आणि दिवसभर भिंतीकडे पाहत असे. माझे डोळे त्याच सुमारास अधू झाले. एक दिवस मी म्हणालो, "पोरी, मला दिसत नाही आणि तुला करमत नाही. दोघांचं एकाच कामात भागते का पाहू." सहा महिन्यांत ती माझ्यापेक्षा भरभर वाचू लागली. वाचताना मध्येच थांबून हसते, हा तिचा दोष आहे. कागदात हसण्यासारखे असते म्हणून हसते, असे तिचे म्हणणे.

कलम चौथे. टोपलीबाबत.

स्वयंपाकघरात चुलीच्या डावीकडे कांदे ठेवायची एक मोठी टोपली आहे. ती माझी भावजय सरस्वतीबाई हिने चौतीस वर्षांपूर्वी रागाच्या भरात माझे तीन रुमाल भिजवून केली. राग कशाचा ते कलम सहात येईल, आणि राग रास्त होता. त्या टोपलीत परगण्याचा निदान चाळीस वर्षांचा इतिहास आहे. माझा दुसरा खंड एका प्रकरणात एकदम उडी मारतो, असे नारायणरावांनी छापले होते. ती उडी या टोपलीत आहे. टोपली फेकू नये.

कलम पाचवे. नारायणराव मास्तरांबाबत.

हे मेहकरास असतात व तेही इतिहास लिहितात, निदान त्यांचा तसा समज आहे. एकतीस वर्षे आम्ही एकमेकांची पुस्तके फक्त चुका काढण्यासाठी वाचली, आणि त्यामुळे दोघांचीही पुस्तके सुधारली. दत्ताजी पाटलाच्या मरणाच्या सालावरून त्यांनी माझ्याशी नऊ वर्षे पत्रव्यवहार केला. शेवटी आमच्या दोघांचेही साल चुकीचे निघाले. त्या दिवशी ते मुद्दाम छकडा करून आले, आणि आम्ही जेवलो.

त्यांना माझे भिंग द्यावे. त्याला तडा आहे. त्यामुळे एका अक्षराची दोन दिसतात, त्यांना त्याची सवय आहे. शिवाय कलम सहातली माझी चूक वर्तमानपत्रात छापण्याचा पहिला हक्क मी त्यांना देतो. एवढी मोठी चूक त्यांना एकतीस वर्षांत सापडली नाही, हेही त्यांनी त्याच लेखात छापावे. लेख दोन कॉलमांच्या वर जाऊ नये.

कलम सहावे. चुकीबाबत.

आता हसणे थोडे बाजूला ठेवतो.

मोडी लिहिणारा कारकून बोरू उचलत नाही. शब्दाला शब्द चिकटतो आणि ओळ एका दमात जाते. कुठे तोडायचे ते वाचणाऱ्याने ठरवायचे. पहिल्या खंडाच्या वेळी मला एक कागद मिळाला. त्यात आमचे मूळपुरुष दत्ताजी पाटील यांच्या मरणाची हकिकत होती, आणि शेवटची ओळ अशी होती:

दत्ताजीपाटीलमयतजालेमागेपाटिलकीहोतीसोजराबाईसतीगेली

मी तेव्हा तिशीत होतो आणि मला इतिहासात काहीतरी भव्य पाहिजे होते. आमच्या परगण्यात लढाई झाली नाही, किल्ला नाही, राजा एकदा आला तो पाणी पिऊन गेला. मी वाचले: सोजराबाई सती गेली. अंगावर काटा आला. त्या एका ओळीवर मी अकरा पाने लिहिली. चितेच्या ज्वाळा लिहिल्या, तिने वाटलेले दागिने लिहिले, बेचाळीस गावांचा आक्रोश लिहिला. यातले काहीही कागदात नव्हते. लोकांना तीच अकरा पाने सगळ्यात आवडली.

पुढे गावाने विचारले, मास्तर, मग सतीचा दगड कुठे असेल? मी ओढ्याकाठी गेलो. तिथे एक झिजलेला दगड होता, त्यावर काहीतरी वाकडे कोरलेले. सतीच्या दगडावर कोपरात वाकलेला हात असतो हे मी पुस्तकात वाचले होते. मी म्हणालो, हाच तो. शेंदूर लागला. पुढच्या वर्षी जत्रा भरली.

त्यानंतर तीन वर्षांनी माझा थोरला भाऊ किसनराव पटकीने गेला. त्याची बायको सरस्वतीबाई सत्तावीस वर्षांची, मुलगा हिंमतराव सहा वर्षांचा. आमच्या वडिलांनी तिला चोळीबांगडीसाठी विहिरीवरचा मळा तोडून दिला होता. पंच माझ्याकडे आले. इतिहास काय सांगतो, असे मला विचारले. मला बोलायला कोणी विचारले की मी तेव्हा थांबत नसे. मी म्हणालो, सोजराबाईने सर्वस्व सोडले. पंच म्हणाले, मग हिनेही सोडावे. दगडापाशी नेऊन तिचा हात त्यावर ठेवला. हात ठेवणारा मीच. मळा माझ्या नावावर चढला, आणि त्याच मळ्याच्या उसावर माझा दुसरा खंड छापला.

तेव्हापासून ती रीत झाली. चौतीस वर्षांत अकरा बायांचे हात त्या दगडावर ठेवले गेले. अकराही नावे मी सोबत जोडलेल्या चुकीच्या पत्रकात दिली आहेत.

आता चूक कशी सापडली ते. गेल्याच्या आधीच्या मार्गशीर्षात मी ओट्यावर बसलो होतो आणि कोकिळाबाई एक न उघडलेला रुमाल वाचत होती. वाचता वाचता थांबली.

"मामाजी, हे सोजराबाई कोन?"

"आपली सती. दत्ताजी पाटलाची बायको."

"मंग हे चिठ्ठी कोनाची? दत्ताजी पाटील मेल्याच्या बावीस वर्सानंतरची हाय. कुळकर्ण्याले लिवलं हाय का तुमची म्हैस आमच्या उसात घुसली, पुन्हा घुसली तर बांधून ठेवीन. खाली नांगराची निशाणी हाय. नांगर तं पाटलाची निशाणी ना?"

"दुसरी कोणी सोजराबाई असेल."

"'दत्ताजी पाटील यांचे कबिल्याने लिहिले' असं हाय. कबिला म्हंजे बायकोच ना?" मग ती माझ्याकडे पाहत राहिली. "सती गेलेली बाई बावीस वर्सानं म्हशीवर एवढी काऊन चिडून राह्यली, मामाजी?"

मी हसलो. ती हसली नाही. मी पहिला कागद काढायला लावला. तिने त्या ओळीवर बोट ठेवले आणि हळूहळू वाचले. मागे पाटिलकी होती. सोजराबाईस ती गेली.

पाटिलकी सोजराबाईस गेली. एवढेच होते. नवरा मेला, पाटिलकी बायकोला मिळाली, आणि तिने निदान बावीस वर्षे ती चालवली व लोकांच्या म्हशी बांधून ठेवल्या. मी एक 'स' चुकीच्या बाजूला ढकलला आणि जिवंत बाईला जाळले.

मी ही गोष्ट त्याच दिवशी सांगायला पाहिजे होती. मी चौदा महिने गप्प बसलो. तीन खंड होते, शाल होती, जत्रेत मला पुढे बसवत होते. मी भ्यालो. कोकिळाबाईने एकदाही तगादा लावला नाही. फक्त तो कागद तिने माझ्या मेजावरून हलवला नाही, रोज त्यावरची धूळ पुसायची आणि परत तिथेच ठेवायची.

मागच्या श्रावणात गावातल्या कारभारीची विधवा धाकटी भावजय विमलबाई हिला दगडापाशी नेले, आणि तिचे शेत कारभारीकडे गेले. मी समोर होतो. तिने माझ्याकडे पाहिले, कारण शाळेत ती माझ्या हाताखाली शिकली होती आणि मास्तर काहीतरी बोलतील असे तिला वाटले. मी नाही बोललो. अकरावे नाव तिचे आहे. माझ्या सगळ्या आयुष्यात मला एवढी लाज कशाचीही वाटली नाही.

कलम सातवे. मळ्याबाबत.

विहिरीवरचा मळा, विहीर, मोटेचा नाडा, चिंचेची दोन झाडे व उभ्या उसासह सरस्वतीबाई भ्रतार किसनराव पडघान हिचे हवाली करावा. हे दान नाही. मळा तिचाच आहे. माझ्या मरणाची वाट पाहू नये, याच आठवड्यात तलाठ्याकडे नोंद करून घ्यावी. मी तिची माफी मागतो. समोर जाऊन मागायला पाहिजे हे मला कळते, म्हणून समोर जाऊनही मागणार आहे. पण मी तोंडाने बोलायला लागलो की विषय भलतीकडे जातो, तेव्हा लेखीही असावी.

कलम आठवे. घर व शेत.

राहते घर आणि सुलतानपूरच्या वाटेवरचे कोरडवाहू शेत ही माझी स्वकष्टाची मिळकत आहे. शेत पगारातून घेतले, घर पेन्शनीतून बांधले. वडिलार्जित त्यात काही नाही. ते दोन्ही मी माझी सून कोकिळाबाई भ्रतार निवृत्ती पडघान हिला देतो. नुसते पोटापुरते खाण्यासाठी नव्हे. विकावे, ठेवावे, कोणाला द्यावे, हा पुरा हक्क तिचा. तिने कोणत्याही दगडावर, झाडावर अगर पोथीवर हात ठेवून काहीही म्हटले, किंवा तिच्याकडून म्हणवून घेतले, तरी ते म्हणणे कायद्यात व माझ्या लेखी रद्द समजावे.

आणखी एक. पाटलांच्या घरात विधवेचा पाट, म्हणजे दुसरे लग्न, लावीत नाहीत, अशी आमच्याकडे मोठी प्रतिष्ठा आहे. कोकिळाबाईच्या मनात आले आणि माणूस बरा मिळाला तर तिने खुशाल पाट लावावा. लावला म्हणून घर व शेत परत येणार नाही. ज्यांना याची लाज वाटेल त्यांनी वाटून घ्यावी, मला तेव्हा कोणी विचारायला येऊ शकणार नाही, ही मरणाची एक सोय आहे. माणसाला मोडी येत असेल तर उत्तम. नसेल तर ती शिकवील.

कलम नववे. दगड व जत्रा.

मागल्या आठवड्यात कोकिळाबाई आणि मी भर दुपारी जाऊन दगडावरचा शेंदूर खरवडला. अडतीस वर्षांचा शेंदूर, दोन उलथणी वाकली. आत हात नाही. नांगर आहे. तो सोजराबाई पाटलिणीच्या शेताच्या बांधाचा दगड आहे.

पुंजाजी गुरव मध्येच येऊन ओरडू लागला. मी त्याला सगळे सांगितले. तो खाली बसला आणि म्हणाला, "मंग आता जत्रा बुडाली म्हना. नारळं कोनाच्या नावानं फोडाची, मास्तर?"

"पाटलीणबाईच्या."

"ते तं मेली ना साधी. म्हातारी होऊन."

"म्हातारी होऊन मेली म्हणूनच फोड. आपल्या गावात तेवढं कोणाला जमलं?"

त्याने बोटांवर दुकानदार मोजले. मग म्हणाला, रेवड्यावाले तर येतीलच. तेव्हा जत्रा त्याच दिवशी, तशीच भरावी. नाव तेवढे बदलावे. पुंजाजीचे उत्पन्न जसेच्या तसे राहावे. हात ठेवण्याची रीत मात्र बंद. माझ्या पहिल्या खंडातली ती अकरा पाने ज्यांच्याकडे असतील त्यांनी कापून काढावी. कागद चांगला आहे, लगद्याला चालेल.

कलम दहावे. किरकोळ.

छत्री भटजींची आहे, त्यांना परत द्यावी. काठी उकंडराव न्हाव्याला, त्याने ती पंचवीस वर्षे नजरेत धरली आहे. त्याचे व माझ्या वडिलांचे नाव एक असल्याने लहानपणी मी त्याला कधी हाक मारू शकलो नाही, त्याची ही भरपाई. माझी वाचण्याची खुर्ची तीन पायांची आहे, चौथा पाय तिसऱ्या खंडाच्या न खपलेल्या प्रतींचा. ती कोणाला द्यावी हे सुचत नाही.

कलम अकरावे. हिंमतरावाबाबत.

माझा पुतण्या हिंमतराव हा सध्या गावचा पाटील व पंचांचा म्होरक्या आहे. बारा वर्षे तो माझ्या घरची पायरी चढला नाही. रस्त्यात दिसलो तर छत्री आडवी धरतो, ऊन नसले तरी. मला मागे 'इतिहास्या' म्हणतो. त्याच्या आईचा हात मी दगडावर ठेवला तेव्हा तो तिच्या लुगड्याला धरून उभा होता, त्यामुळे त्याने काहीही म्हणावे. पण गंमत अशी की पाटील झाल्यावर तीच रीत तोही चालवतो. विमलबाईला त्यानेच नेले. माझ्यामागे कोकिळाबाईचे घरशेत सोडवून घेणारा जवळचा पुरुष तोच आहे, आणि या कागदाविरुद्ध कोर्टात जाऊ शकणाराही तोच.

म्हणून या मृत्युपत्रावर पहिली साक्ष त्याची पाहिजे. वकील म्हणाले, शत्रूची साक्ष कशाला, दोन परके बघा. मी म्हणालो, परक्याच्या सहीने माझ्या सुनेचे दार कोणी अडवायचे थांबणार नाही. उद्या सकाळी दगडापाशी पंचांसमोर मी हे सगळे वाचून दाखवणार आहे. त्याची जागा मोकळी ठेवली आहे. त्याने सही केली नाही तर हा कागद कोर्टात टिकेल, पण गावात टिकेल की नाही याची मला खात्री नाही.

पुरवणी. आज रोजी वाचून झाल्यावर लिहिले.

वाचले. सव्वा तास लागला. कलम पहिल्याला लोक हसले, दुसऱ्याला हसले, सहाव्याला कोणी हसले नाही. विमलबाई मागे उभी होती. मी तिचे नाव वाचले तेव्हा मला पुढचे दिसेना आणि उरलेली कलमे कोकिळाबाईने वाचली. पंचांसमोर या गावात बाईने कागद वाचण्याची माझ्या माहितीप्रमाणे ही पहिलीच वेळ. त्याआधीची सापडल्यास दुरुस्ती करावी.

सरस्वतीबाई जमिनीकडे पाहत बसल्या होत्या. आता त्यांचे वय एकसष्ट. मी त्यांच्यासमोर गेलो, हात जोडले आणि माफी मागितली. विषय भलतीकडे गेला नाही.

हिंमतरावाने एकच विचारले. "काका, चवदा महिने तुमाले माहीत होतं?"

"हो."

"आन विमलबाईले मी नेलं तवा तुमी तिथंच होते."

"होतो."

"मंग मले काऊन नाही अडवलं?"

"भ्यालो बाबा."

त्याने दगडावरच्या नांगरात उरलेला शेंदूर नखाने खरवडला. नारायणराव मेहकराहून आले होते, त्यांनी एकही चूक काढली नाही. असे मी पूर्वी पाहिलेले नाही. मग हिंमतरावाने कोकिळाबाईच्या हातून कागद घेतला, सगळा पहिल्यापासून स्वतः वाचला, 'इतिहास्या' शब्दावर थोडा थांबला, आणि बोरू मागितला.

येणेप्रमाणे सर्व कलमे मी वाचून, वाचून घेऊन व समजून, खाली सही केली आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र लिहिलेले नाही. यानंतर लिहिले तर त्यात फक्त भर असेल, माघार नसेल.

मुक्काम मौजे आंबेगव्हाण, ओढ्याकाठी. माघ वद्य पंचमी, शके १८५७, बुधवार, ता. १२ फेब्रुवारी १९३६.

सही: भगवंतराव उकंडराव पडघान, दस्तुर खुद्द.

साक्ष १. हिंमतराव किसनराव पडघान, पाटील, मौजे मजकूर. मी सगळं वाचलं, काकांनी माह्यासमोर सही केली. कोकिळाले कोणी दगडापाशी नेऊन राह्यलं तर आधी माह्याशी गाठ हाय. विमलबाईचं शेत कारभारीकडून मी सोडवतो, ते माह्यावर.

साक्ष २. नारायणराव मास्तर, मेहकर. माझ्यासमोर सही झाली. लेख तीन कॉलमांचा होईल.

मळा घेणार सरस्वतीबाई भ्रतार किसनराव पडघान यांचा अंगठा. अंगठा दिल्यावर त्यांनी जे सांगितले ते कोकिळाबाईने जसेच्या तसे लिहून घेतले:

"मळा घेतला. माफीचं मंग पाहू. तवरक मरू नका, भाऊजी."